जिनिव्हाच्या मिटिंगमधे फोंड्यातून हात वर करायचा तर

गेल्या आषाढात गोव्यात फोंड्यातल्या एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही नऊ जण एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसलो होतो. युरोपातल्या एका शहरात दिव्यांग माणसं आणि इंटरनेट या विषयावर आंतरराष्ट्रीय बैठक चालली होती, तिकडे दुपारचे चार म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, बाहेर पाऊस धो धो, लाईट दोनदा जाऊन आलेली, त्यामुळे राउटर इन्व्हर्टरवर आणि पंखा बंद. आमच्यातल्या एका ताईला जन्मापासून दिसत नाही, ती नोकरी करते, घर चालवते, आणि तिने एक प्रश्न दोन दिवस घोटून तयार केला होता. ऑनलाइन फॉर्म भरताना ती वेडीवाकडी अक्षरं ओळखा म्हणून चित्र येतं ना, ते जिला दिसतच नाही तिने काय करायचं, आणि असे फॉर्म बनवणाऱ्यांना याबद्दल जाब विचारायची जागा कुठली. प्रश्न तिने स्वतः चॅटमधे टाइप केला. अध्यक्षांनी हॉलमधल्या आठ जणांना माइक दिला, मग घड्याळ बघितलं आणि म्हणाले की ऑनलाइनचे प्रश्न नंतर ईमेलवर घेऊ. ईमेल आला नाही. ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे आपण बघायला होतो."

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून जेवढं मला कळलंय तेवढं सोपं करून लिहितोय.

रिमोट पार्टिसिपेशन म्हणजे मिटिंग जिथे आहे तिथे न जाता तिच्यात भाग घेणं. आता यातला "भाग घेणं" हा शब्द नीट पकडा. आपल्याकडे रविवारी ग्रामसभा असते. समजा पंचायतीने देवळासमोर लाउडस्पीकर लावला आणि तुम्ही घरच्या सोप्यावर बसून सगळी सभा ऐकली, तर तुम्ही सभेला हजर होता असं कुणी म्हणेल का? नाही म्हणणार. हजर होतो कधी म्हणायचं, तर उठून बोलता आलं, सरपंचाने उत्तर दिलं, आपलं म्हणणं प्रोसिडिंगच्या वहीत उतरलं आणि ठरावाच्या वेळी आपला हात मोजला गेला तेव्हा. लाइव्हस्ट्रीम म्हणजे तो देवळासमोरचा लाउडस्पीकर. चांगली गोष्ट आहे, असायलाच हवी, पण बऱ्याच आयोजकांची गाडी तिथेच थांबते आणि रिपोर्टमधे मात्र "इतक्या देशांतून ऑनलाइन सहभाग" असं छापून येतं. बघणाऱ्यांचा आकडा आणि बोलू शकलेल्यांचा आकडा वेगवेगळा छापा, एवढी साधी मागणी जरी सगळ्यांनी लावून धरली तरी बरंच चित्र बदलेल असं मला वाटतं.

कुणी म्हणेल जिनिव्हात काय ठरतंय त्याच्याशी आपला काय संबंध. मासळीचंच घ्या. जून २०२२ मधे जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्र्यांच्या परिषदेत मासेमारीच्या सबसिडीवर करार झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ ला तो अमलात आला. बेकायदा मासेमारीला आणि जिथला साठा आधीच उपसला गेलाय तिथल्या मासेमारीला सरकारी पैसा देऊ नये असं त्याचं सूत्र. पुढच्या टप्प्याच्या वाटाघाटी अजून चालूच आहेत आणि त्यात भारत विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची सवलतीची मुदत मागत आलाय. आता आपल्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या माणसाला होडीच्या इंधनावर जी सवलत मिळते तिचं पुढे काय होईल, ट्रॉलरवाला आणि रापणकार यांना एकाच तराजूत तोलायचं का, हे अशा टेबलांवर ठरतं. आणि त्या टेबलाभोवती समुद्रात कधी उतरलेला माणूस क्वचितच असतो. त्याला विचारलं तर तो सांगेल की कुठल्या महिन्यात जाळ्यात काय येतं आणि काय यायचं बंद झालंय, ही माहिती कुठल्या मंत्रालयाच्या फायलीत सापडत नाही.

बरं, मिटिंग दारात आली म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. आपल्या गोव्याने हे चांगलं अनुभवलंय. १९८३ साली राष्ट्रकुल देशांचे प्रमुख इथे येऊन राहिले, २०१६ मधे ब्रिक्स, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका यांची परिषद झाली, २०२३ हे तर अख्खं वर्ष तसंच गेलं, मे महिन्यात बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्री, जुलैमधे जी-२० चे ऊर्जामंत्री. आपल्या वाट्याला आले ते रंगवलेले दुभाजक आणि अडवलेले रस्ते. आत काय बोललं गेलं ते आपणही दुसऱ्या दिवशी पेपरमधेच वाचलं, दिल्लीतल्या माणसाइतकंच. म्हणजे अंतर किलोमीटरमधे मोजून भागत नाही.

आत कोण जाऊ शकतं हे कशावर ठरतं? पैसा तर आहेच. नोव्हेंबर २०२५ मधे ब्राझीलच्या बेलेमला हवामान परिषद झाली तेव्हा तिथल्या हॉटेलांचे दर इतके भडकले होते की गरीब देशांच्या सरकारी शिष्टमंडळांनीही तक्रार केली, मग एखाद्या छोट्या संस्थेची काय कथा. त्यानंतर व्हिसा. शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची, फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही, आणि अर्जासोबत बँक स्टेटमेंट, पगाराची स्लिप, हॉटेलचं बुकिंग हे सगळं द्यायचं, ज्याला पगारच नाही तो मच्छीमार किंवा शेतकरी तिथेच गळतो. गोव्यात तर हे एकाच वाड्यावर दिसतं. ज्याच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीत नोंदला गेलाय आणि ज्याने ती नोंद लिस्बनला पुढे चालवली तो शेजारी पोर्तुगालचा लाल पासपोर्ट घेऊन युरोपात कुठेही उतरतो, त्यासाठी त्याला भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं हा भाग निराळा, आणि भिंतीपलीकडे राहणारा आपला माणूस त्याच शहरात दोन दिवसांच्या मिटिंगला जायचं म्हणून महिनाभर कागद गोळा करत बसतो. दोघांचं घर एका रांगेत, दोघांची विहीर एक.

आणि शरीर. नोव्हेंबर २०२१ मधे ग्लासगोच्या हवामान परिषदेत पहिल्याच मोठ्या दिवशी इस्रायलच्या ऊर्जामंत्री कारिन एलहरार यांना आत जाता आलं नाही, कारण त्या व्हीलचेअर वापरतात आणि त्यांना आत नेणारी सोयीची वाट तिथे मिळाली नाही, शेवटी त्यांना परत फिरावं लागलं आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली. मंत्री होत्या म्हणून जगाला कळलं. पणजीत जानेवारी २०२३ मधे पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हा ज्यांनी बघितलाय त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल, की उतार, सांकेतिक भाषेचे दुभाषे, ब्रेलमधली माहिती या गोष्टी आधीपासून ठरवून केल्या तर होतात, आयत्या वेळी होत नाहीत. ऑनलाइनचंही अगदी तसंच आहे.

आता सगळ्या मिटिंगा एकाच जातीच्या नसतात आणि इथे बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो. एक जात म्हणजे खुल्या चर्चेची. इंटरनेट गव्हर्नन्स फोरम, ज्याला आयजीएफ म्हणतात, ते त्यातलं ठळक उदाहरण. २००५ मधे ट्युनिसच्या परिषदेत ठरलं, २००६ मधे अथेन्सला पहिली बैठक, मग दरवर्षी वेगळ्या देशात. इथे सरकारं, कंपन्या, संस्था, तंत्रज्ञ, तुमच्याआमच्यासारखी माणसं सगळी एका पातळीवर बसतात, नोंदणीला पैसे पडत नाहीत, पण कुणावर बंधनकारक असा निर्णय होत नाही. भारतात ही बैठक डिसेंबर २००८ मधे हैदराबादला झाली, मुंबईवरचा हल्ला संपून चारच दिवस झाले होते, अशा वेळी माणूस विमानात बसताना दहादा विचार करणार हे उघड आहे. रिमोटची सोय ही चैनीची गोष्ट नाही हे मला त्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर लख्ख कळलं.

दुसरी जात तंत्रज्ञांची. आयईटीएफ नावाचा एक समूह आहे, इंटरनेटवर एक कॉम्प्युटर दुसऱ्याशी कुठल्या नियमाने बोलेल ते हे लोक ठरवतात. त्यांच्याकडे मेंबरशिप नाही, मतदान नाही. मग ठरवतात कसं? खोलीत अध्यक्ष विचारतो की हे ज्यांना पटतंय त्यांनी हुंकार द्या, आणि लोक खरंच तोंड मिटून हूं करतात, ज्या बाजूचा हुंकार भरीव त्या बाजूला साधारण सहमती आहे असा अंदाज घेतात. आजी गोष्ट सांगताना आपण हूं द्यायचो ना, हूं थांबला की आजीही थांबायची, तसंच काहीसं. पण हजारो मैलांवर बसलेल्याचा हुंकार त्या खोलीत कसा ऐकू जाणार? मार्च २०२० मधे व्हँकुव्हरची त्यांची बैठक कोविडमुळे अख्खी ऑनलाइन करावी लागली तेव्हा हा प्रश्न टाळता येईना. ऑनलाइन हुंकाराचं एक साधन करून बघितलं, नंतर त्याऐवजी हात वर करायचं साधन आणलं. आणि त्यांच्याकडची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. खोलीत प्रत्यक्ष बसलेल्या माणसालाही बोलायचं असेल तर त्याने आपल्या फोनवरून त्याच ऑनलाइन रांगेत नाव लावायचं. रांग एकच. कोण व्हँकुव्हरहून आलाय आणि कोण वाळपईहून बोलतोय हे रांगेला माहीतच नसतं, तुमचा नंबर आला की तुमचा माइक सुरू. शिवाय खोलीत जे ठरलं ते मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलवर, पुन्हा मांडून पक्कं करायचं असा त्यांचा जुनाच दंडक आहे, म्हणजे ज्याची रात्र होती तो सकाळी उठून म्हणू शकतो की थांबा, मला हे मान्य नाही.

आमच्या ताईच्या वेळी जे झालं ते एका रांगेच्या जागी दोन रांगा होत्या म्हणून झालं. हॉलची रांग आधी आणि ऑनलाइनची "वेळ उरली तर". आणि वेळ उरत नसते, कधीच.

तिसरी जात देशांच्या वाटाघाटींची, करारमदारांची. इथे दार सगळ्यात जड. इथे नियमच असा असतो की सदस्य देशाचा प्रतिनिधी सभागृहात हजर हवा. सप्टेंबर २०२२ मधे युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षांना युद्ध सोडून न्यूयॉर्कला जाता येत नव्हतं तर त्यांचं रेकॉर्ड केलेलं भाषण संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत लावायचं की नाही यावर मतदान घ्यावं लागलं, १०१ देश बाजूने, ७ विरोधात, १९ तटस्थ, भारताने बाजूने मत दिलं. देशाच्या प्रमुखाची ही गोष्ट. २०२१ च्या मे-जूनमधे हवामानाच्या वाटाघाटींची तीन आठवड्यांची फेरी पूर्ण ऑनलाइन घेतली गेली, वेगवेगळ्या खंडांतल्या लोकांवर आळीपाळीने रात्रीचं जागरण पडावं म्हणून वेळाही फिरवल्या, पण औपचारिक निर्णय एकही घेतला नाही, कारण बऱ्याच विकसनशील देशांचं म्हणणं होतं की आमच्याकडे लाईन तुटते, आमचा माणूस बाहेर फेकला गेला त्याच मिनिटाला तुम्ही निर्णय पास केलात तर? भीती खरीच आहे. ज्याचं नेट चांगलं त्याचा ठराव, असं व्हायला नको.

आणि इथे एक गोष्ट कबूल करायला हवी जी रिमोटच्या बाजूने बोलणारे आम्ही लोक कधीकधी दडपतो. डिसेंबर २०११ मधे डर्बनच्या हवामान परिषदेत वाटाघाटी ठरलेल्या दिवसाच्याही पुढे गेल्या, पहाटे भारताच्या जयंती नटराजन आणि युरोपच्या कॉनी हेडेगार्ड यांचं एका शब्दप्रयोगावरून अडलं, तेव्हा अध्यक्षांनी त्यांना सांगितलं की तिथेच उभं राहून बोला आणि मिटवा, मग सभागृहाच्या मधोमध घोळका जमला, माणसं खुर्च्यांवर चढून आत काय चाललंय ते ऐकायला बघत होती, आणि त्या घोळक्यात शब्द ठरला. अशा घोळक्याला लिंक नसते. चहाच्या रांगेत, लिफ्टमधे, जेवणाच्या ताटावर जे ठरतं ते ऑनलाइन माणसाला दिसत नाही. म्हणून "आता सगळं ऑनलाइन आहे ना, मग प्रवासाचा खर्च कशाला द्यायचा" असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला धडकी भरते. कारण मग श्रीमंत देशांची माणसं लिफ्टमधे आणि आपण झूमच्या चौकोनात, अशी कायमची वाटणी होईल. रिमोट हे ज्याला येणं जमत नाही त्याच्यासाठी दार आहे, ज्याला यायचंय त्याचं तिकीट कापायची कात्री नाही.

आता जरा यंत्रणेबद्दल, कारण खरं घोडं तिथेच पेंड खातं.

आवाज सगळ्यात महत्त्वाचा, चित्र नंतर. नुसत्या आवाजाला साधारण १०० केबीपीएसच्या आसपास वेग पुरतो, व्हिडिओला त्याच्या दहापट किंवा जास्त लागतो, त्यामुळे ज्या मिटिंगमधे साधा फोन लावून बोलायची सोय असते ती खेड्यातल्या माणसाला खरी उघडी असते. २०२० मधे शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा सांगे, सत्तरीतल्या लांबच्या गावांतली मुलं नेटवर्क शोधत डोंगर चढत होती हे आपण विसरलेलो नाही. तसल्या ठिकाणच्या माणसाला "कॅमेरा चालू ठेवा" असा नियम लावणं म्हणजे त्याला बाहेर काढणं. कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं हाही धोरणाचाच प्रश्न आहे, अमेरिकी निर्बंधांमुळे झूम क्यूबा, इराणसारख्या देशांत अधिकृतपणे वापरता येत नाही, तर जगाची मिटिंग झूमवर ठेवली की ते देश आपोआप वजा.

खराब माइकचा त्रास ऐकणाऱ्यापेक्षा दुभाष्याला जास्त होतो हे मला आधी माहीत नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा, अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. दुभाषे काचेच्या बूथमधे जोडीने बसतात, साधारण अर्ध्या तासाने पाळी बदलतात, कारण ऐकता ऐकता बोलायचं हे मेंदूला पिळून काढणारं काम आहे. ऑनलाइन मिटिंगमधे दबलेला, चिरकलेला आवाज दिवसभर कानात घेऊन कॅनडाच्या संसदेच्या दुभाष्यांनी कानाच्या दुखण्याच्या तक्रारी केल्या, २०२२ मधे एकाला हॉस्पिटलात न्यावं लागलं. तेव्हा हातात फोन धरून स्पीकरवर बोलू नका, वायरवाला हेडसेट लावा. त्या आवाजाच्या पलीकडे कुणाचा तरी कान आहे.

कॅप्शन म्हणजे बोललेलं लगेच अक्षरात दिसणं. ही सोय मागून घेतली ती कमी ऐकू येणाऱ्यांनी. इंटरनेटच्या जनकांपैकी एक मानले जाणारे व्हिंट सर्फ स्वतः लहानपणापासून श्रवणयंत्र वापरतात. पण माझा अनुभव असा की हिचा फायदा सगळ्यात जास्त कुणाला होत असेल तर इंग्रजी ही ज्यांची शाळेतली भाषा आहे, घरची नाही, अशा आपल्यासारख्यांना. समोरचा नायजेरियन इंग्रजी बोलतोय की स्कॉटिश हे कानाला उमगेपर्यंत वाक्य निघून जातं, अक्षरं वाचली की पकडता येतं. आणि कॅप्शनचंच पुढे लेखी रेकॉर्ड होतं, आपली प्रोसिडिंगची वही.

चॅटचं मात्र उलट आहे, सगळ्यांना वाटतं चॅट ही सोपी सोय. ताईच्या शेजारी बसून मी बघितलं. तिचा कॉम्प्युटर स्क्रीन रीडरने बोलतो, म्हणजे पडद्यावर जे येईल ते तो वाचून दाखवतो. वक्ता बोलतोय, त्याच वेळी चॅटमधे "हॅलो फ्रॉम नैरोबी", "थँक यू", "कान्ट हियर" असे मेसेज धडाधड येतायत आणि प्रत्येक मेसेज तिच्या कानात वक्त्याच्या आवाजावर चढतोय. शेवटी तिने एका कानात वक्ता आणि दुसऱ्या कानात स्क्रीन रीडर अशी विभागणी केली, दोन वेगळे इअरफोन, दोन वेगळी यंत्रं. अशा अवस्थेत तिने प्रश्न टाइप केला होता, जो कुणी वाचला नाही. चॅटमधे गप्पा बंद ठेवून फक्त प्रश्न घ्यायची वेगळी खिडकी ठेवणं हे काम दोन मिनिटांचं आहे.

तो प्रश्न वाचायची जबाबदारी कुणाची? रिमोट मॉडरेटरची. हा माणूस हॉलमधे बसतो आणि ऑनलाइन लोकांचं तोंड असतो. बहुतेक ठिकाणी हे काम एखाद्या विशीतल्या स्वयंसेवकाला देतात, त्याला कोपऱ्यात खुर्ची, माइक नाही, आणि अध्यक्षाला मधे थांबवायची हिंमत नाही, हिंमत कुठून येणार, समोर मंत्री, राजदूत. मला विचाराल तर सगळ्या यंत्रणेतला हा एकच खिळा नीट ठोकला तरी निम्मं काम होईल: रिमोट मॉडरेटर अध्यक्षाच्या शेजारी, स्टेजवर बसवा, त्याच्यासमोर स्वतःचा माइक, आणि पहिला प्रश्न ऑनलाइनचा असा नियम. पहिला म्हणतोय मी, शेवटचा नाही.

घड्याळाचं दुखणं राहिलंच. जिनिव्हा आपल्याला बरं पडतं, तिकडे सकाळी दहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा दीड. न्यूयॉर्कचं दुपारचं तीन ते सहाचं सत्र मात्र आपल्याकडे रात्री साडेबारा ते साडेतीन. पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या लोकांचे याहून हाल. वेळ फिरती ठेवणं हाच त्यातल्या त्यात न्याय, म्हणजे यावेळी आपण जागू, पुढच्या वेळी ते जागतील.

आणि हब. आम्ही वाचनालयात जे केलं तेच. पूर्वी आळीत एकच टीव्ही असायचा आणि रविवारी सगळी त्या घरी जमायची तसं, एका चांगल्या कनेक्शनवर दहा-वीस माणसं एकत्र. आयजीएफमधे ही पद्धत सुरुवातीच्या वर्षांपासून आहे. एकटा माणूस घरी बसून तीन तास इंग्रजी ऐकत नाही, मधेच दूधवाला येतो, फोन येतो, तो उठतो. हबमधे कुणीतरी मराठीत, कोकणीत समजावून सांगतं, मधल्या वेळात चहा आणि मिरचीभजी येते, वाद होतो, आणि त्या वादातून जो प्रश्न तयार होतो तो एकट्याच्या प्रश्नापेक्षा पिकलेला असतो. मिटिंग संपल्यावरही माणसं जात नाहीत. गोव्यात बऱ्याच ठिकाणी वाचनालय आहे, हॉल आहे, कुठे कुठे पंचायतघरात प्रोजेक्टरही असतो. वर्षातून चार वेळा असं बसणं काही अवघड नाही.

आम्ही नोव्हेंबरात परत बसलो. तीच माडी, त्याच बैठकीचं पुढचं सत्र. यावेळी आम्ही शहाणे झालो होतो, दहा दिवस आधी आयोजकांना मेल टाकून विचारलं की रिमोट मॉडरेटर कोण, रांग एक आहे का दोन, ताईला चॅटऐवजी थेट आवाजावर घेणार का. त्या मुलीचं, म्हणजे मॉडरेटरचं, उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, आणि तिने आदल्या दिवशी वीस मिनिटं आमच्यासोबत माइकची चाचणीही केली. सत्रात तिसरा नंबर ताईचा लागला. दोन मिनिटं मिळाली, तिने एक मिनिट चाळीस सेकंदांत संपवलं, ब्रेलमधे उतरवलेला कागद बोटाखाली होता पण बोट कागदावर फिरताना मला दिसलं नाही, सगळं पाठ होतं. ब्राझीलच्या एका प्रतिनिधीने तिचा मुद्दा उचलून धरला, त्यावर चर्चा झाली, आणि आम्ही नऊच्या नऊ जण श्वास रोखून बसलो होतो.

आठवड्याने लेखी रेकॉर्ड आलं. ताईने स्क्रीन रीडर लावून स्वतःचं बोलणं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, "परत लाव, गावाचं नाव चुकलंय." खरंच चुकलं होतं, फोंड्याचं, इंग्रजीत Ponda चं, पाँड झालं होतं, म्हणजे तळं. मी म्हटलं जाऊ दे गं, मुद्दा आलाय ना. ती म्हणाली, नाही, नाव नीट यायला पाहिजे. त्याच रात्री आम्ही दुरुस्तीचा मेल टाकला, तीन दिवसांनी नवी फाइल आली.